परसातली चूल

मंद आचेवर कांदा शिजत असताना एक क्षण असा येतो, की तेलाची चरचर थांबते आणि कढईतून नुसता सुस्कारा ऐकू येतो. त्यानंतर येणारा वास गोड असतो, उसाचा रस आटू लागल्यासारखा.

तुळजापूरच्या आमच्या घरी हा वास फक्त रविवारी दुपारी दरवळे, तोही परसात. सासूबाई विधवा झाल्यापासून कांदा खात नसत. आतल्या स्वयंपाकघरात तो येऊही देत नसत. त्याच्यासाठी पेरूच्या झाडाखाली तीन दगडांची वेगळी चूल होती. निजामी संपून काही वर्षे झाली होती, गावोगाव मराठी शाळा निघत होत्या, आणि माझे पती येरमाळ्याला मास्तर होते. तिथे खोली घेऊन एकटे राहत, हाताने भाकरी थापत. शनिवारी मोटारीने येत आणि सोमवारी पहाटे परत जात. जाताना सोबत कांदा नेत. करडईच्या तेलात काळसर तांबडा होईतो परतलेला, मीठ-तिखट लावलेला. चार-पाच दिवस टिके.

लग्नाला वर्ष होत आले तरी मी तुळजापुरातच होते. यांनी आईकडे विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आधी तिला कांदा तरी परतता येऊ दे. मी न सांगता जमला, की खुशाल घेऊन जा."

देवघर सोडून त्या स्वतः कुठेही जाणार नव्हत्या.

आठवडाभर घरात आम्ही दोघीच. देवळाकडून यात्रेकरूंचा गलबला यायचा आणि आमच्या माजघरात फुलपात्र खाली ठेवल्याचा आवाजही मोठा वाटायचा. यांच्या धुतलेल्या सदऱ्याची घडी मी मोडायची, पुन्हा घालायची. सासूबाई वाती वळत बसायच्या. दोघींना सांगण्यासारखे पुष्कळ असावे; बोलणे मात्र रविवारीच व्हायचे, आणि तेही कांद्याचे.

त्या मागच्या पायरीवर बसत, चुलीकडे पाठ करून.

"गोवरी मागं ओढ."

"सारखं ढवळू नको गं. बसू दे त्याला जरा."

न चाखता, न पाहता, केवळ वासावरून.

एकदा मी घाईने गुळाचा खडा टाकला. रंग झरझर चढला. हे कढईत डोकावून खूश झाले. तेवढ्यात पायरीवरून प्रश्न आला, "गूळ कुणी घातला?"

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू हसल्या. "अहो, पोरीचा जीव तिकडं येरमाळ्यात, अन् तुम्ही तिला इथं कढईपुढं बसवलंय!"

"मग गुळाची ढेपच बांधून देते की त्याला," सासूबाई म्हणाल्या. त्या आठवड्यात हे कांद्यावाचून गेले.

थंडीतल्या एका रविवारी माझा कांदा निम्मा परतून झाला तरी पायरीवरून शब्द आला नाही. मला वाटले, त्यांना डुलकी लागली असेल. वळून पाहिले. त्या जाग्या होत्या. ओठ मिटलेले, मांडीवर हात रिकामे. तेव्हा मला कळले, की आज कांदा जमणार आहे आणि त्यांना ते माझ्याआधी कळले आहे. उद्यापासून या घरात एकच माणूस उरेल.

माझ्या हातात गोवरी होती. ती जरा पुढे सारली असती तर कांदा करपला असता आणि आम्हा दोघींना आणखी एक आठवडा मिळाला असता. मी ती तशीच धरून राहिले. मग बाजूला ठेवली.

चरचर थांबली. वास गोड झाला.

सासूबाई उठल्या. पहिल्यांदाच त्या चुलीजवळ आल्या, काठीने निखाऱ्यांवर राख ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा."