तिसरी हाक

बाहत्तरच्या दुष्काळात पारनेरकडच्या त्या वाडीतली माणसं खडी फोडायला पांगली, तेव्हा सतरा घरांच्या किल्ल्या राहीबाईच्या कमरेला आल्या. पन्नाशी उलटलेली विधवा बाई, गुडघे पार कामातून गेलेले. तिला खडीवर कोण घेणार? वाडीत उरलं कोण, तर ती, म्हातारा खाजाभाई शिंपी आणि अंथरुणाला खिळलेले दोन-चार जीव.

किल्ल्या काही चोरांच्या भीतीनं दिल्या नव्हत्या. चोरायला होतं काय, कपाळ! भीती वेगळीच होती. बंद घरात महिनोन्‌महिने चूल पेटली नाही, माणसाचा आवाज उठला नाही, की तिथं दुसरंच कुणीतरी राहायला येतं, असं त्या वाडीत पक्कं मानत. म्हणून राहीबाईनं दिवसाआड घराघरांत जायचं, केर काढायचा, चुलीत चार काटक्या पेटवून धूर करायचा आणि मोठ्यानं बोलायचं. शेजारची चांगुणा निघताना तिचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, "राहीआक्का, माजं घर तेवढं ओसाड पडू देऊ नगं. मला परत यायचंय."

"जा गं निवांत. मी हाय न्हवं?"

पहिले पंधरा दिवस बाईला गंमतच वाटली. सहादेवच्या घरात शिरली की ती त्याच्या बायकोच्या आवाजात ओरडायची, "आवं, उठा की! दिस डोक्यावर आला!" आणि एकटीच खुदूखुदू हसायची. पण पुढं पुढं ते हसू आटलं. रिकामी घरं फार ऐकतात हो! ती बोलायची थांबली की माळवदाची तुळई करकरायची. एकदा रंगुबाईच्या घरात जात्यावर घातलेलं फडकं खाली पडलेलं दिसलं. उंदरानं ओढलं असंल, असं ती स्वतःला म्हणाली. पण दाणा नसलेल्या घरात उंदीर तरी कशाला थांबतोय? तिला भ्या वाटायचं, लई वाटायचं, तरी ती कुणाला बोलली नाही. शब्द दिला होता ना.

चैत्रातली दुपार. सकाळ सगळी पाण्याच्या टँकरपाशी उभं राहण्यात गेली, म्हणून फेरीला बारा वाजले. रंगुबाईच्या दाराशी ती किल्ली शोधत होती, तोच पलीकडच्या चांगुणाच्या घरातून हाक आली.

"राहीआक्काऽ..."

चांगुणाच्या दाराला कुलूप. राहीबाईनं स्वतः लावलेलं, समोर लटकत होतं. तोंडाशी आलेली ओ तिनं तशीच गिळली. ओसाड जागेतून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. जिवंत माणूस तीनदा हाक मारतं. दुसरं जे असतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. ती भिंतीला पाठ लावून थांबली. दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा ओढलेली. आवाज हुबेहूब चांगुणाचा. मग काही नाही. ती थांबली, थांबली, पायाला चटके बसेपर्यंत थांबली. तिसरी हाक आलीच नाही.

तिनं रंगुबाईच्या चुलीतली राख आणून चांगुणाच्या उंबऱ्यावर रेघ ओढली. "जिथनं आलीस तिथं जा बाई, हे घर भरलेलं हाय," असं दारावर ओरडली आणि मोडक्या गुडघ्यांनी धावत सुटली. त्या संध्याकाळी भाकरी खाताना तिला बरं वाटत होतं. घर राखलं आपण, असं वाटत होतं.

सकाळी तिनं हे खाजाभाईला सांगितलं. म्हातारा सुई टोचता टोचता थांबला. "भूत असंल तर असू दे, पर मागचं दार बघितलं का तुमी?"

मागचं दार उघडं होतं. फटीतून हात घालून कडी काढता यायची, हे चांगुणालाच ठाऊक. ती चुलीशी पडलेली, ओठ फुटलेले, लुगडं जुलाबानं भरलेलं. खाजाभाई गाडी थांबवायला सडकेकडं पळाला. राहीबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पळीनं पाणी पाजायला लागली.

तुटक तुटक चांगुणा सांगत राहिली. कामावर जुलाब लागले. एका ट्रकनं फाट्यावर सोडलं. राहीआक्काचं दार बंद दिसलं म्हणून ती आपल्याच घरात येऊन टेकली, मग उठताच येईना.

"तुज्या किल्ल्या वाजल्या, तवा हाका मारल्या. ऐकू न्हाई आल्या व्हय?"

राहीबाईनं पळी पुन्हा पाण्यात बुडवली. खरं सांगावं तर या घडीला कसं सांगावं?

"न्हाई गं," ती म्हणाली. "न्हाई आल्या."

"वाटलंच मला. दोनच मारल्या, मग दमच पुरला न्हाई." चांगुणानं तिचा हात चाचपून धरला. "तू ऐकलं असतंस, तर धावत आली असतीस. मला काय ठावं न्हाई?"

खाजाभाई ट्रक घेऊन आला, तेव्हा चांगुणा थंड पडली होती, आणि राहीबाई तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, "ओ गं चांगुणा, ओ! आले, आले गं!"