बायबलवर हात ठेवला नाही, त्याची गोष्ट

मंगळवारी सकाळी माझ्याच ओसरीत, माझ्याच घरचं बायबल पाटावर मांडून मला शपथ घ्यायला लावत होते... आणि लावणारा कोण? माझा पुतण्या दानियल. त्याची आई लवकर गेली, माझ्याच हाताखाली वाढला. आता ग्रामपंचायतीला उभा राह्यलाय.

हे मी बोलतेय, नात एस्तेर मोबाईलवर लिहितेय. मला अक्षर येत नाही. तेव्हा बोलणं माझं, चुका तिच्या.

आमच्या भोकरदनकडच्या या गावात मतदानाआधी शपथा होतात, अमक्यालाच मत देईन म्हणून. कोणी बेल-भंडारा उचलतं, कोणी नारळावर हात ठेवतं. आमची ख्रिस्ती गल्ली, म्हणून आम्हाला बायबल... काही बहाद्दर तर दोन्ही उमेदवारांची शपथ घेऊन दोन्हीकडचं मटण खाऊन आले. पचनशक्ती चांगली त्यांची.

गल्लीत सगळ्यांत म्हातारी मी. मी हात ठेवला की बाकीच्या बाया ठेवणार, हे दान्याला बराबर माहीत. आणि आमच्या गल्लीच्या मतांशिवाय तो निवडून येत नाही, हे मलाही माहीत.

इतकी वर्षं माझं राजकारण सोपं होतं. आपला माणूस तो आपला. समोर उभा असलेला भिकाजी, त्याच्या घराशी आमचं बांधावरून वाकडं, म्हणून त्याला मत नाही... माणूस कसा आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही. चर्चला जायचे ते पण, खरं सांगू का, नवी साडी दाखवायला.

मग मागं माझा पाय मोडला अन् खाटेवर पडून राहिले. सून सुवार्ता रोज दुपारी शेजारी बसून बायबल वाचायची. पळून जायची सोय नव्हती... ऐकावंच लागलं. ऐकता ऐकता येशू घरातल्यासारखा वाटायला लागला. पण त्याच्या दोन गोष्टी घशात अडकल्या. एक, शपथ घेऊ नका. दुसरी, ज्याच्याशी वैर आहे त्याच्यासाठी प्रार्थना करा.

दुसरी लई अवघड. भिकाजीसाठी रोज प्रार्थना सुरू केली, पहिले पहिले तर दात-ओठ खाऊनच. पण त्याच्यासाठी मागायचं काय? म्हणून चौकशी करावी लागली. कळलं की गावाबाहेर मेंढरंवाल्यांची घरं आहेत, नळ तिथवर गेलेला नाही, आणि उन्हाळाभर भिकाजी आपल्या ट्रॅक्टरनं त्यांना पाणी नेऊन देतो. तो ट्रॅक्टर मी रोज बघायचे... मला वाटायचं, मिरवून राह्यला.

तिथून माझा प्रश्नच बदलला. आधी विचारायचे, यातला आपला कोण? आता विचारते, ज्याचं गावात कोणी नाही, त्याचा कोण?

तर मंगळवारी दान्या म्हणाला, "मोठे माय, ठेव हात. जल्दी कर, अजून घरं राह्यली."

"न्हाई ठेवत."

"का बरं?"

"ज्यानं शपथ घेऊ नका म्हणून सांगितलं, त्याच्याच पुस्तकावर हात ठेवू? अन् मत कोणाला द्यायचं, ते बी माझं ठरलं न्हाई अजून."

त्याचा चेहरा असा उतरला, की माझ्याच्यानं बघवेना. "भिकाजीनं फितवलं तुला," एवढंच बोलला आणि चपला विसरून तसाच निघून गेला. ओसरीवर जमलेल्या गल्लीतल्या बाया पण एकेक करून गुपचूप उठल्या.

रोज सकाळी चहाला येणारं लेकरू, ते फिरकेना. घरात माझा मुलगा पण माझ्याशी बोलेना. मी देवाला म्हटलं, तुझं ऐकलं अन् माझं लेकरू गेलं... आता तूच बघ.

शुक्रवारी संध्याकाळी आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "मोठे माय, शपथ राहू दे. माझ्यासाठी प्रार्थना तरी करशील का न्हाई?"

"करते. पण मंग सगळी ऐकावी लागंल. मधातून उठायचं न्हाई."

खाली बसवलं, डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "बापा, हा माझा लेक हाय, हा निवडून यावा असं मला लई वाटतं. पण भिकाजीच्या हातून गरिबांचं जास्त भलं होणार असंल, तर त्याला निवडून दे. अन् माझ्या दान्याला कडू होऊ देऊ नको."

आमेन मी एकटीनंच म्हटलं. दान्या खाली मान घालून बसलेला. मग हळूच म्हणाला, "आमेन." आणि वर, "प्रचारात अशी प्रार्थना कोणी करतं का गं, मोठे माय?"

"तूच आल्ता मागायला," मी म्हटलं. मग दोघांनाही हसू आवरेना.

तो घरी गेला असं मला वाटलं. थोड्या वेळानं सुवार्ता धावत आली. म्हणाली, दानियलभाऊजी गल्लीत दारोदार सांगून राह्यले... ज्यांनी माझी शपथ घेतली त्यांना ती सोडली. मनाला पटेल त्याला मत द्या. त्याची माणसं म्हणे डोकं धरून बसली होती.

काल मतदान झालं. सुनेचा हात धरून गेले. कोणाला दिलं, हे एस्तेर सकाळपासून विचारतेय, पण ते मी तिला लिहू देणार नाही. एवढंच सांगते, आजवर मशीनपुढं उभी राहिले की माझ्यासंगं भाऊबंदकी असायची, बांध असायचा. काल पहिल्यांदाच मी आणि माझा देव, दोघंच होतो.

उद्या निकाल. दान्या पडला तर तो रडेल, मी पण रडेन, खोटं कशाला बोलू... पण जिंकायच्या आधी लोकांना मोकळं सोडणारा उमेदवार आमच्या घरातून निघाला. देवा, म्हातारीवर तुझे लई उपकार झाले.