हरणाला घोडा

कुणी साहेबापुढे हांजी-हांजी करू लागलं की आमचे थू सर तोंड वळवून खरोखरच थुंकत. अमरावतीजवळच्या आमच्या खासगी कॉलेजात ते इतिहास शिकवत. 'थू सर' हे नाव पोरींनी ठेवलेलं.

दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर चार चिनी अक्षरं काढत. अर्थ असा : हरणाकडे बोट दाखवून घोडा म्हणणे. दोन हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या एका प्रधानाने भर दरबारात कोवळ्या सम्राटापुढे हरीण उभं केलं आणि 'हा घोडा' म्हणाला. सम्राट हसला, त्याने दरबाऱ्यांना विचारलं. काही गप्प बसले, काही 'घोडाच' म्हणाले. 'हरीण' म्हणणाऱ्यांचा प्रधानाने पुढे काटा काढला. जाणूनबुजून खऱ्याचं खोटं करण्याला तिकडे अजून हेच शब्द वापरतात.

"त्या प्रधानाले का हरीन वळखू येत नव्हतं?" सर विचारत. "त्याले पाहाचं होतं, कोन कोन लाचार हाय."

शेजारच्या वर्गात शिकवताना मला हे ऐकू येई, आणि त्या दरबाऱ्यांची शिसारी येई.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते; नोकरी मात्र अजून तात्पुरती. एका उन्हाळ्यात मुलींना उलट्या सुरू झाल्या. नळाच्या पाण्याला वास मारत होता. पालक धावून आले. संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्यांदेखत पिवळट पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला.

"पाणी चांगलं आहे. मॅडम, सांगा यांना."

मी घोट घेतला. कुजका, बुळबुळीत. गिळला. "स्वच्छ आहे," म्हणाले. मागोमाग प्राचार्य, मग सगळा स्टाफ.

"सडलं हाय पानी," सर म्हणाले आणि शिडी लावून टाकीवर चढले. खाली आले तेव्हा हातात पिसं झडलेलं, फुगलेलं कबूतर होतं. त्यांनी ते अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. मी बाहेर जाऊन ओकले.

टाकी धुतली गेली, मुली बऱ्या झाल्या. सरांवर मात्र कसली तरी खोटी चौकशी लागली, आणि दोन महिन्यांत त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. ते लेकीकडे अकोल्याला निघाले, त्या सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. ते पुस्तकं बांधत होते. मी माफी मागायला आले होते; एक पुस्तक उचलून त्यांच्याकडे सरकवलं.

सरांनी सुतळी खाली ठेवली. "त्या दिवशी थे पानी प्याल्या होत्या तुमी," ते म्हणाले. "मंग पोट तं नाही बिघडलं न?"

मी नकारार्थी मान हलवली. मला नोकरीत कायम केल्याची ऑर्डर माझ्या पर्समध्ये होती.