अर्ध्यावरच्या टाळ्या

घाटकोपरच्या लवूने एक्क्याऐंशी साली चार पोरं जमवून रॉक बँड काढला. नाव ठेवलं ‘वादळ’, पण माणसं त्यात टिकली पाचोळ्याइतकी. गाणारा विद्याधर बँकेत लागला आणि बदली होऊन नागपूरला गेला. चंद्रप्रकाश दुबईला गेला, जाताना गिटारही घेऊन गेला. त्यांच्या जागी आलेले चार हळदींना वाजवून पळाले. सत्याऐंशीपर्यंत जुन्यातला उरला एकटा दादू, ड्रम वाजवणारा. नवा म्हणजे श्यामसुंदर, गायला बरा, मिरवायला त्याहून बरा.

लवू कारखान्यात फिटर. दिवसभर पान्याशी झटायचं, मग गिटारीशी. पार थकला होता. तेवढ्यात पवईला बँडांची स्पर्धा निघाली. माणसं तीन तरी हवीत, गाणं स्वतःचं, वय तिशीच्या आत. लवूला एप्रिलात तीस पुरी होणार, म्हणजे हीच पहिली नि हीच शेवटची. कारखान्यातल्या इंग्रजी कॅलेंडरावर रविवार बघितला आणि गड्याने फॉर्म भरून टाकला.

दादूने तारीख ऐकली नि कपाळावर हात मारला.

“शिमगा आहे रे गाढवा! त्या दिवशी गावी आमच्या दारात पालखी येते. खांदा कोण देणार?”

“यंदा भाऊ देईल की.”

“देव वर्षातून एकदा घरी येतो, लवू.”

“माझी स्पर्धा तर जन्मात एकदाच आहे.”

“कोकणातला ना रे तू? तिथी बघायची अक्कल कुठे गहाण टाकलीस?”

दादू गावी गेला.

“मी बसू का हो ड्रमवर?” लवूची बायको प्रेमा म्हणाली. “धुणं बडवून हात तयार आहे.”

शेवटी श्यामसुंदरने गोरेगावचा धोंडू आणला. लवूच्या गाण्यात मध्येच सगळं थांबायचं, मग ड्रमचा एक ठोका पडला की गिटार उसळायची. दादूच्या अंगात ती जागा मुरलेली. धोंडूला एका दिवसात किती मुरणार?

पवईला गाणं छान चाललं. मग सगळं थांबलं, आणि धोंडूही थांबला तो थांबलाच. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. श्यामसुंदरने लगेच वाकून नमस्कार ठोकला.

“अरे, निम्मं राहिलंय,” लवू पुटपुटला.

“टाळ्या मिळाल्या ना यार, आता कशाला?”

पुढचा बँड पायरीवर येऊन उभा होता. लवूने गिटारीची वायर काढली आणि तोही वाकला.