डब्याला लुगडं

कसालच्या बाजारात पोह्यांचे पापड विकणारी तुळसा दर कार्तिकात माहेरी यायची ती एका मानासाठी. कुणकेश्वराच्या अलीकडे तिची वाडी, वाडीखाली समुद्रात एक घळ, आणि घळीत महादेव. अवसेच्या मोठ्या ओहोटीला माहेरवाशिणीनं आत जाऊन दिवा लावायचा. घळीच्या तोंडाशी खडक असा खाली उतरलाय की एक डुबकी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणून दोर, बॅटरी, वाती, तेल, काड्यापेटी सगळं डब्यात बंद करून न्यायचं.

गेल्या वर्षी जुन्या पत्र्याच्या डब्यानं दगा दिला. काड्या भिजल्या, महादेव अंधारात राहिला. मानकरी गुरुदास म्हणाले, "औंदा पेटलो नाय, तर फुडच्या वर्सापासून सेलवरचो दिवो. बटन दाबला की झाला."

तुळसाला ते पटेना. बटन दाबायला माहेरवाशीण कशाला हवी?

यंदा ती लवकरच आली, पापडांचं पुडकं घेऊन. भावजय विमलाच्या घरातले होते नव्हते ते डबे काढले, प्रत्येकात एक भाजलेला पापड ठेवला आणि डबे विहिरीत सोडून बांबूनं दाबून धरले.

"वन्सं, डब्यांका पोहूक शिकवतास काय?" विमलानं विचारलं.

"पापड सांगतलो, डबो कसो आसा तो."

कडीच्या डब्यातला पापड फडक्यासारखा लोंबला. किटलीत तर पिठलंच झालं. मग निघाला मुंबईहून आलेला, चार खटक्यांचा, विमलाचा लाडका डबा. त्यातल्या पापडानंही मान टाकली.

"पापडच वायट आसतलो!" विमला फणकारली.

"माझो पापड?" तुळसानं बांबू उगारला, आणि दोघी विहिरीच्या काठावरच हसत बसल्या.

शेवटी धोंडू खलाशानं होडीवरचा आपला निळा डबा आणला. पेचाच्या, फिरवून लावायच्या झाकणाचा, मोबाईल आणि भाकरी ठेवायचा. त्यातला पापड निघाला तो कुर्रम! खात्री करायला दुसरा घातला. तोही कुर्रम. मग काय, वाडीतल्या सगळ्यांनाच खात्री करायची होती. पुडकं निम्मं झालं.

अवसेला तुळसानं सामान भरलं, हात पुसायला कोरडा पंचा घातला, वर एक पापड ठेवला, आणि हर हर महादेव म्हणत डब्यासकट डुबकी मारली.

डबा टुणकन वर आला. त्याला कवटाळलेली तुळसाही वर आली. पुन्हा दाबला, पुन्हा वर. ती त्यावर बसली, तर डब्यानं गिरकी घेऊन तिलाच उलटं केलं. किनाऱ्यावर सगळे पोट धरून हसत होते. तिसऱ्यांदा तो निसटला तो थेट काठावरून वाकून बघणाऱ्या गुरुदासांच्या हनुवटीवर.

"ह्यो डबो बुडूक तयार नाय!" ते हनुवटी चोळत म्हणाले. "भरती येतली आता. काढू काय सेलवरचो?"

"थांबा हो जरा!" तुळसा नाकातलं पाणी शिंकरत ओरडली. धोंडूच्या खांद्यावर पाग होता, फेकायचं जाळं, कडेनं जड शिशाच्या मण्यांची झालर असलेलं. "धोंड्या, आण तो पाग हय. ह्येका लुगडा नेसवतंय!"

तिनं डब्याला जाळं गुंडाळलं, निऱ्या काढल्या, काष्टासुद्धा खोचला.

"पदर खंय आसा?" विमलानं विचारलं.

"महादेवासमोर गेलो की घेतलो!"

आणि लुगडं नेसलेला डबा नव्या नवरीसारखा मुकाट पाण्याखाली गेला. मागोमाग तुळसा.

खडकापलीकडे ती पाण्याबाहेर आली. आत गार काळोख. तिनं चाचपत लुगडं सोडलं, झाकण फिरवलं, पंच्यानं हात कोरडे केले. काडी ओढली. एकाच काडीत वात धरली. पिंडीवर पिवळा उजेड पसरला, तसे तिचे हात आपोआप जुळले. "गेल्या वर्साची चूक पोटात घाल रे देवा." मग पापड मोडून अर्धा तिनं त्याच्यापुढे ठेवला आणि अर्धा तोंडात टाकला.

नेमके तेव्हाच बाहेरून, खडकातल्या फटीला तोंड लावून, गुरुदास ओरडले, "पेटलो काय गो दिवो?"

तोंड भरलेलं. बोलणार कसं? तुळसानं सगळा जोर लावून पापड चावला. कुर्रम! घळीनं तो आवाज दुप्पट करून बाहेर पाठवला.

"पेटलो!" विमला वाळूत नाचायला लागली. "ऐकलास? पापड वाजलो!"