गोंगाटाचा तास

मला वर्गात स्वस्थ बसवत नाही. हातात खडू फिरत राहतो, पाय चालत राहतात. त्या पावसाळ्यात तर फारच. चौथीतली एक मुलगी तोंडच उघडत नव्हती आणि तिच्या बापाने मुख्याध्यापिकांसमोरच मला सांगून टाकलं होतं, "मॅडम, दिवाळीपर्यंत पाहतो. वाचताच येत नसन तर शाळेत ठेवून काय करू? घरी बसून मागावरच्या सुताच्या कांड्या भरन."

वाचायला उभी केली की ती ओठ हलवायची, आवाज नाही. मी गोडीत सांगितलं, चिडून सांगितलं. नागपूरहून कामठीला जाताना शेअर ऑटोत रोज नवा उपाय सुचायचा आणि पहिल्याच तासाला त्याचा फज्जा उडायचा.

शेवटी तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत यंत्रमाग चालू, कानठळ्या बसत होत्या. आणि आमची ही मुकी बाई आईशी चक्क ओरडून भांडत होती! त्या घरात हळू बोललेलं ऐकूच येत नाही. शाळेत मात्र मुख्याध्यापिकांपासून सगळे पहिलीपासून तिला "हळू बोल" म्हणत आले होते. हळू बोलणं जमेना, तेव्हा तिने बोलणंच सोडलं. मला भयंकर राग आला, नेमका कुणाचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, आपापला आवडता धडा काढा आणि सगळे एकदम वाचा, जमेल तेवढ्या मोठ्याने. पोरं चेकाळलीच. मी बाकांमधून येरझारा घालत तिच्याजवळ पोचले. ती वाचत होती. खणखणीत.

रोज एक तास असा चालू लागला. एकदा मागच्या दारात मुख्याध्यापिका येऊन उभ्या राहिल्या. वर्ग चिडीचूप झाला. पुस्तकात गढलेल्या तिला ते कळलंच नाही. ती एकटीच वाचत राहिली, घरच्या आवाजात. आता ह्या "हळू" म्हणणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

तिने मागे वळून पाहिलं आणि ओठ मिटले.

"काहून थांबली वं?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वाच ना पुढं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुस्तक वर धरलं आणि तेवढ्याच जोरात सुरू झाली. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायला धावत आल्या, तर मुख्याध्यापिकांनी ओठांवर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिच्या बापाले बोलवा. आत्ताच."