दगडाबाईचे टाके

त्या उन्हाळ्यात दगडाबाईला परदेशी निघालेल्या लेकीची बॅग भरायला शिकवणाऱ्यांची चिकलठाण्यात रीघ लागली होती. शेजारच्या बंगल्यातल्या मॅडमनी वहीच्या पानावर यादी लिहून दिली. तिच्या मुलाच्या, रामेश्वरच्या, कंपनीतल्या एका साहेबानं मोबाइलवर दुसरी धाडली. जन्मात जालन्याच्या पुढं न गेलेल्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यानंही लोणच्याची बरणी कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगितलं. दगडाबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. जिनं वीस-पंचवीस वर्षं अख्खा संसार घोड्याच्या पाठीवर लादला आणि उतरवला, तिला हे लोक बॅग भरायला शिकवत होते. पण ती कुणाला उलटून बोलली नाही, कारण बोलणं हा तिचा प्रांतच नव्हता.

ती मूळची फुलंब्रीकडची, धनगराच्या घरची. नवरा केरबा होता तोवर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकडं निघायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं, असं त्यांचं वर्ष. पुरुष पहाटेच मेंढरांबरोबर पुढं जायचे. मागं राहिलेले हंडे, पीठ, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि स्वतःची पोरं हे सगळं घोड्यावर चढवून पुढचा मुक्काम गाठायचा, ते काम बायकांचं. दोन्ही अंगांना भार सारखा बसला नाही तर घोडं वाटेतच अडून बसायचं. दगडाबाईचं घोडं कधी बसलं नाही, हे तिच्या दिराला, कडुबाला, अजून आठवतं आणि तो ते चार लोकांत सांगतोही.

या बायकांचा आणखी एक शिरस्ता होता. किमतीची चीजवस्तू, मग ते डोरलं असो की जमिनीचा कागद, घोंगड्याच्या घडीत घालून दाभणानं शिवून टाकायची. ते एकीनंच करायचं आणि कुठल्या घडीत ते कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. रस्त्यात कुणी अडवलं, दरडावलं, तर ज्याला माहीतच नाही त्याच्या तोंडून काही निघत नाही. दगडाबाईनं हे सासूकडून घेतलं आणि सासू गेल्यावरही पाळलं.

केरबा गेला तशी मेंढरं कडुबाकडं गेली आणि ती दोन पोरांना घेऊन चिकलठाण्याला, जालना रोडलगतच्या दोन एकरांवर बांधलेल्या खोलीत, कायमची राहिली. विमानतळाच्या भिंतीमागं जिथं तिची मेंढरं बसायची तिथं पाहता पाहता प्लॉट पडले, कमानी उभ्या राहिल्या, कमानींवर इंग्रजी नावं आली. दोन हजार सोळा साल ते. शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं, सलग दुष्काळानं माणसं टेकीला आली होती, जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि एवढ्या नव्या नव्या बंगल्यांतले लोक टँकरचा भोंगा वाजला की बादल्या घेऊन धावत होते. दगडाबाईला तर त्या कमानींचं फार नवल वाटायचं. आत प्यायला पाणी नाही आणि दारात कारंजं.

तिची लेक सत्यशीला, म्हणजे घरची शीला, अभ्यासात तरबेज. सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकली, तेव्हा तिनंच शोधून शोधून बार्बाडोसचं मेडिकल कॉलेज काढलं. रामेश्वरला ते नाव क्रिकेटमुळं ठाऊक होतं, दगडाबाईला कशामुळंच नव्हतं. दोन एकरांतला एक विकला गेला.  दगडाबाईनं लेकीला एकच विचारलं, तिथं पाणी हाय का? शीला हसून म्हणाली की चहूबाजूंनी पाणीच आहे. दगडाबाईला ते खरं वाटलं नाही.

विमान गुरुवारी संध्याकाळी सातचं. मंगळवारी दुपारी शीला बॅगेची कुलपं आणायला शहागंजला गेली, तेव्हा दगडाबाईनं दार लोटून घेतलं. कागद सांभाळायचं काम पहिल्यापासून तिच्याकडंच होतं. पासपोर्ट, कॉलेजचं पत्र आणि लसींचं कार्ड तिनं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलं, स्वतःच्या काळ्या घोंगड्याच्या कोपऱ्यात घडी घालून ठेवलं आणि दाभण-सुतळीनं शिवलं. मग ते घोंगडं बॅगेच्या तळाला, मधोमध. दोन्ही अंगांना पुस्तकं, वर कपडे, त्यावर मेतकूट आणि तिळाची चटणी. भार असा बसला की बॅग एका बोटानं उभी राहावी. संध्याकाळी शीलानं विचारलं, कागद ठेवले का? दगडाबाई म्हणाली, ठेवले, नीट ठेवले.

बुधवारी सकाळी कडुबा आला. चारापाण्यापायी भर उन्हाळ्यात पुन्हा गोदाकाठाला निघालेली मेंढरं त्यानं विमानतळाच्या भिंतीमागं उरलेल्या एका मोकळ्या प्लॉटवर थांबवली आणि पुतणीला निरोप द्यायला घरी आला. दगडाबाई तेव्हा टँकरच्या रांगेत होती. त्या तासाभरात रामेश्वरनं लोकरवाल्याकडून आणलेल्या ताणकाट्याला बॅग टांगली. तेवीस किलोची परवानगी, भरली सव्वीस. शीलानं बॅग उघडली, तळातून घोंगडं ओढून काढलं आणि काकाच्या खांद्यावर टाकलं. मायला सांगू नका, तिला वाईट वाटेल, असं दोघांनाही बजावलं. काका मेंढरं घेऊन चालता झाला.

गुरुवारी दुपारी बाराला शीला न्हाऊन आली आणि म्हणाली, कागद दे, कमरेच्या पिशवीत घालते. तिचा आवाज जरा वेगळाच लागला, पण जाणाऱ्या माणसाचा लागतोच, असं दगडाबाईला वाटलं. ती म्हणाली, बॅगेत आहेत, घोंगड्यात शिवलेत.

रामेश्वरनं चहा खाली ठेवला. त्यानं बहिणीकडं पाहिलं, बहीण जमिनीकडं पाहत राहिली. मग घोंगडं बॅगेत नाही, काकाकडं गेलं, हे त्यानंच सांगितलं. दगडाबाईनं बॅग ओढून तळ चाचपला. तिच्या डोक्यात एकदम काही शिरेचना. पोरीनं आपलं घोंगडं काढून टाकलं, हे आधी शिरलं. कागद गेले, हे मागून.

कडुबाचा फोन दोन वाजेपर्यंत लावून पाहिला, तो बंदच होता. एखाद्या टपरीवर चार्जर मिळाला तरच तो चालू व्हायचा. रामेश्वर म्हणाला, काका धरणाकडं गेला असणार, पैठण रोडनं जाऊ. एकच मोटरसायकल, पाच वाजता विमानतळावर हजर व्हायचं, चुकीच्या रस्त्याला लागलं की संपलं. दगडाबाई तेवढ्या घाईतही विचार करत होती. कडुबाकडं चार गाभण मेंढ्या होत्या. वैशाखातल्या दुपारी मेंढरू चालत नाही, अकरा ते चार सावलीला आणि पाण्याला धरून बसतं. पूर्वीचा पहिला मुक्काम आता गोदाम झाला होता, दुसऱ्याच्या जागी कमान होती. पाणी देईल असा त्या बाजूला एकच माणूस उरला होता, बीड रोडवरच्या चित्तेपिंपळगावचा अप्पाराव. खतासाठी तो मेंढरं रानात बसवून घ्यायचा आणि स्वतःला टँकर घ्यावा लागला तरी त्यातलं मेंढरांना पाजायचा, केरबाच्या काळापासून.

"बीड रोडला घे," ती म्हणाली.

मागं बसलेल्या दगडाबाईचा पदर तोंडाला घट्ट बांधलेला, डोळे रस्त्याकडेला. झाल्टा फाटा ओलांडल्यावर तिनं गाडी थांबवली, खाली उतरली, एक लेंडी चिमटीत दाबून पाहिली आणि पुन्हा चढली. लेंडी आतून ओली होती, म्हणजे मेंढरं सकाळीच इथून गेली होती. रामेश्वर आईकडं बघतच राहिला. सात वर्षं ती खोलीत बसून भाकरी थापत होती आणि त्याला वाटत होतं की ती सगळं विसरली.

आणि याच रस्त्यावर, गरम वारा कानशिलं भाजत असताना, तिच्या मनात एक गोष्ट आली. नाही सापडलं तर? नाही सापडलं तर पोरगी घरी राहील. आणि असं वाटल्याबरोबर तिला गार वाटलं. चांगलं, घसघशीत गार. त्यानं ती अशी हादरली की तिनं रामेश्वरचा शर्ट मुठीत धरला. लेकीसाठी एकर विकणारी बाई ती हीच का, हे तिचं तिलाच कळेना.

अप्पारावच्या लिंबाखाली मेंढरं बसली होती. कडुबा उठून उभा राहिला, वहिनीला पाहून गोंधळला. त्याच्या मागं घोंगडं अंथरलेलं होतं आणि त्यावर ओलं कोकरू पाय झाडत होतं. नुकतीच व्यालेली मेंढी त्याला चाटत होती. दगडाबाईनं गुडघे टेकले आणि कोपरा चाचपला. टणक लागला. कागद होते. तिला आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

कडुबानं सुरीचं टोक टाक्यात घालायला पाहिलं, ते शिरेना. त्यानं कोपरा उन्हात धरून नीट पाहिला.

"वहिनी, आपुन वाटंनं चार टाके घालायचो. हे चाळीस हायेत."

"चोराच्या भ्यानं घातले," दगडाबाई म्हणाली.

"बॅगेला तर दोन कुलपं हायेत. कोनचा चोर?"

 तिनं ते टाके पाहिले. एकावर एक, तिरपे, उलटे, पुन्हा सुलटे. मंगळवारी दुपारी दाभण हातात असताना ती काय विचार करत होती ते तिला आठवत नव्हतं, पण टाके समोर होते आणि ते तिच्याच हातचे होते. असे टाके उसवण्यासाठी कुणी घालत नाही.  कडुबानं लोकर कातरायची कातर आणली आणि टाक्यांच्या बाहेरून घोंगड्याचा कोपराच कापून तिच्या हातात दिला. उरलेलं घोंगडं तिनं कोकराखालून काढू दिलं नाही.

पाचला पाच कमी असताना ते विमानतळावर पोचले. रिक्षानं आलेली शीला बॅगेच्या दांड्याला धरून दाराशी एकटी उभी होती. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. आईला पाहून ती पुढं आली नाही. दगडाबाईनं तो शिवलेला काळा तुकडा तिच्यासमोर धरला आणि वाटेत जे ठरवलं होतं ते बोलून टाकलं.

"हे चोरासाठी नाय शिवलं, शीला. तू जाऊ नये म्हनून शिवलं. मला बी आत्ताच कळलं."

शीला तुकड्याकडं पाहत राहिली. 

"माय, घोंगडं काढलं तवा ते माझ्या हाताला लागलं होतं," ती म्हणाली. "कागद हायेत हे मला कळलं होतं. तरी बी दिलं काकाला."

रामेश्वरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. दगडाबाईनं मात्र नीट ऐकलं.  म्हणजे वर्षभर फॉर्म भरणारी, मुलाखती देणारी, यादीवर बरोबरच्या खुणा करणारी ही पोरगी आतून एवढी भ्यायलेली होती, आणि एका खोलीत झोपणाऱ्या आईला त्याचा पत्ता नव्हता. शीला रडत रडत सांगत होती की बुधवारपासून घास उतरला नाही, की आज बाराला मात्र राहवेना म्हणून तिनं कागद मागितले, की आईनं एक एकर घातला आणि आपण असं केलं.

दगडाबाईला तिला पोटाशी घ्यावंसं वाटलं. घेतलं असतं तर दोघी त्याच पावली घरी गेल्या असत्या, हेही तिला कळत होतं. म्हणून तिनं घेतलं नाही. तुकडा लेकीच्या हातात दिला.

"मी शिवलं. आता जायचं असंल तर तू उसव. नसंल तर तसंच ऱ्हाऊ दे, घरी जाऊ. मी काय बी म्हननार नाय."

आतून बॅगा जमा करायची सूचना झाली. रामेश्वरनं मोटरसायकलची किल्ली पुढं केली, ती शीलानं घेतली नाही. तिनं डोळे पुसले, तुकडा दोन्ही हातांत धरला आणि पहिल्या टाक्याला दात लावला. सुतळी चिवट होती. ती उभ्या उभ्या उसवत राहिली, दातांनी, नखांनी, एकेक टाका. अर्ध्यावर तिच्या नखातून रक्त आलं, तरी थांबली नाही. दगडाबाईचे हात दोनदा आपोआप पुढं गेले आणि दोन्ही वेळा तिनं ते पदरात गुंडाळून घेतले.

शेवटचा टाका सुटला तशी शीलानं कागद कमरेच्या पिशवीत घातले आणि घोंगड्याचा रिकामा तुकडा घडी करून छातीशी, कुडत्याच्या आत ठेवला. मग वाकून आईच्या पायाला हात लावला आणि मागं न पाहता आत गेली.